सुरगाठ आणि निरगाठ

मासे धरण्याच्या विद्येवर एका शाकाहारी घरातील मुख्याध्यापकाने लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. आमच्या सौभाग्यवतींना तर ते गेली अठ्ठावीस वर्षे वाटतेच आहे. गळाची काठी माजघराचा उंबरठा ओलांडून आत येता कामा नये, असा आमच्या घरचा दंडक असून ती बिचारी आजवर ओसरीवरच्या खुंट्यांना आडवी टांगलेली असते. परंतु नर्मदेपासून तासाभराच्या पायी वाटेवर ज्याचे बालपण गेले आणि ज्याला आमच्या मामांसारखे मामा लाभले, त्याची यातून सुटका नव्हती.

मामा महूला लष्करी हिशेबखात्यात होते. बदलून गेलेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना एक काठी आणि एक पितळी रीळ मिळाले. काठी बांबूची खरी, पण आपल्याकडच्या पोरांच्या हातातला सरळ वासा नव्हे. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा पट्ट्या तासून, त्या एकमेकींना अशा चिकटवलेल्या की काठीचा छेद षट्कोनी व्हावा. तिला लवचिकपणा वेताचा आणि चिवटपणा बांबूचा. पुढे काचतंतूच्या काठ्या आल्या, मग कार्बनच्या आल्या. त्या निःसंशय हलक्या आणि अधिक जोरकस आहेत (विजेच्या तारांखालून मात्र त्या उभ्या धरून कधीही जाऊ नये, कार्बनमधून वीज वाहते). तरीही ती षट्कोनी काठी हातात घेतल्यावर पाण्याखालचे जे काही मनगटापर्यंत येऊन पोहोचते, ते आम्हांस दुसऱ्या कोणत्याही काठीत आढळले नाही. यात मामांवरील ममतेचा भाग किती, हे आम्ही सांगू शकत नाही.

दर उन्हाळ्याच्या सुटीत मामा आमच्या घरी बडवाहला येत आणि पहाटे आम्हांला उठवून नावघाट खेडीला नेत. त्या काळी नर्मदा मोकळी होती. पुनासाचे इंदिरासागर आणि ओंकारेश्वरचे धरण ही दोन्ही पुढे 2005 आणि 2007 च्या सुमारास उभी राहिली. एप्रिल-मे महिन्यांत पाणी इतके निवळ असे की दोन पुरुष खोलीवरचा खडक दिसावा. त्या पाण्यात मामांचे एकच आराध्य दैवत होते : बाडस. निमाडात बाडस म्हणतात तोच महाशीर. मध्य प्रदेश शासनाने 2011 साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला, तेव्हा मामा हयात नव्हते. असते तर शासनाला हे सुचायला इतकी वर्षे का लागली, असे त्यांनी खासच विचारले असते.

महाशीराची एक गोष्ट मराठी माणसाने अवश्य ध्यानात ठेवावी. त्याच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साईक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातील मासे पाहून त्यांची वर्णने लिहिली, तेव्हा तेथील लोकांच्या तोंडचे नाव त्याने जसेच्या तसे लॅटिनच्या पंक्तीला बसविले. आणि गळाचा छंद हा केवळ साहेबाने आणलेला, असेही कुणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद हा राजाच्या करमणुकींपैकी एक म्हणून सांगितला असून माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाची सामग्री यांची तेथे रीतसर चर्चा आहे. याच ग्रंथात मराठीचे जुने नमुने सापडतात म्हणून आम्ही तो एम. ए. ला असताना उघडला होता. आमचे गुरुजी आम्हांला गीतांचा भाग दाखवीत होते आणि आम्ही मात्र चोरून मत्स्यविनोदाची पाने उलटीत होतो.

बाडसाच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि त्या दातांखाली सापडलेला गळ तो सुपारीसारखा चुरडू शकतो. म्हणून गळ जाड पोलादी तारेचा हवा. आमिष मामा कणकेचे करीत. त्यात चिमूटभर हिंग. फोडणीचे हिंग संपले की आईला चोर शोधावा लागत नसे. गळाच्या वर हातभर अंतरावर शिसे, त्याच्या वर एक फिरती कडी, म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. दोरी नायलॉनची. नायलॉन गाठीच्या ठिकाणी सर्वांत दुबळे असते. गाठ आवळण्यापूर्वी ती जिभेने ओली करावी, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच मरते. उन्हाने ती कुजते, म्हणून रीळ नेहमी फडक्यात. हे सर्व मामांनी आम्हांला दहाव्या वर्षी शिकविले. परीक्षाही घेतली. गाठ बांधून दिली की ती दाराच्या कडीला अडकवून ते झटका देत. तुटली की, ‘‘मासा गेला, बाळ,’’ एवढेच म्हणत.

परंतु काठी, रीळ, दोरी हे सारे अर्धेच काम. उरलेले अर्धे होडी करते. बाडस गळाला लागला की पहिली धाव अशी घेतो की रिळावरची शंभर वार दोरी पाहता पाहता निघून जाते. तो प्रवाहाच्या दिशेने, खालच्या खळाळाकडे धावतो. बळाने रोखला तर काहीतरी तुटणारच. उपाय एकच : होडीने त्याच्या मागे जाणे. आता होडी तर डोहाच्या तोंडाशी नांगरलेली. नांगर म्हणजे दोराला बांधलेला धोंडा. तो नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून सोडावा. वाहत्या पाण्यात मागच्या टोकाला किंवा कडेला नांगर बांधणाऱ्याची होडी पाणी भरून बुडते, हे नीट लक्षात ठेवावे. दोर खोलीच्या तिपटीहून अधिक लांब असावा. आणि त्याच्या शेवटाला मामा एक वाळका भोपळा बांधीत. मासा लागताच दोराची गाठ एका झटक्यात सोडायची, भोपळा पाण्यावर टाकायचा, होडी मोकळी. मासा दमला की परत येऊन भोपळा शोधायचा आणि नांगर काढायचा. ही गाठ अर्थातच सुरगाठ हवी. एक टोक ओढले की सुटणारी.

1984 चा मे महिना. आम्ही चौदा वर्षांचे होतो. वल्ह्यावर खेडीचा केवट, मध्ये मामा, नाळेवर आम्ही. नांगराचा दोर बांधण्याचे काम त्या वर्षी प्रथमच आम्हांला मिळाले होते. आदल्या दिवशी पाण्याच्या ओढीने आमची सुरगाठ आपोआप सुटली होती आणि होडी वाहवत गेल्याने केवट आम्हांला हसला होता. ते आमच्या मनाला लागले. त्या सकाळी आम्ही सुरगाठीवर आणखी एक वेढा घेतला आणि टोक त्यातून ओवून घट्ट आवळले. म्हणजे निरगाठ मारली. मामांनी विचारले, ‘‘दोर नीट आहे ना रे?’’ आम्ही म्हणालो, ‘‘नीट आहे.’’

ऊन चढता चढता काठी वाकली. नुसती वाकली नाही, तिचे टोक पाण्यात शिरले. रीळ जे ओरडू लागले तसे ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते. मामा ओरडले, ‘‘सोड!’’ आम्ही गाठीला हात घातला. ओला काथ्याचा दोर, त्यावर साऱ्या होडीची ओढ. नखे उलटली तरी ती गाठ हलेना. केवट वल्हे टाकून विळा घेऊन धावला आणि त्याने दोर तोडला, पण त्याआधीच रिळाच्या तळाचे पितळ उघडे पडले होते. त्याच क्षणी खाली, खळाळाच्या माथ्यावर, तो एकदा वर आला. सोनेरी पाठ आणि तळहाताएवढे खवले. केवढा होता ते आम्ही सांगणार नाही, कारण गेलेल्या माशाच्या मापावर कुणी विश्वास ठेवीत नाही आणि ठेवूही नये. मग दोरी तुटल्याचा आवाज आला. काठी सरळ झाली.

मामा काही वेळ पाण्याकडे पाहत बसले. नंतर त्यांनी उरलेली दोरी हातावर घेऊन चोळली आणि म्हणाले, ‘‘जुनी झाली होती. यंदा बदलायला हवी होती.’’ घरी आल्यावर आईला त्यांनी तेच सांगितले. पुढची पंचवीस वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत ती कथा निघाली की मामा म्हणत, ‘‘दोरी जुनी होती हो!’’ आणि आम्ही पंगतीत वाढण्याचे निमित्त करून उठत असू. आम्ही त्यांना खरे कधीच सांगितले नाही. आरंभी भीती वाटली, नंतर लाज वाटली आणि शेवटी इतका उशीर झाला की सांगणे म्हणजे त्यांना पंचवीस वर्षांचे खोटे परत करण्यासारखे वाटू लागले.

2009 मध्ये मामा गेले. अस्थी घेऊन आम्ही खेडीलाच गेलो. केवट आता म्हातारा झाला होता. होडी त्याचा मुलगा चालवी. विसर्जन झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी घाटावर उतरल्यावर मामांनी त्याला बाजूला घेतले होते म्हणे. तोडलेल्या दोराचे टोक त्यांनी स्वतः पाहिले होते. पोराला यातले काही बोलायचे नाही, अशी त्यांनी केवटाला नर्मदामैयाची शपथ घातली होती. शपथ घालणारा गेला, म्हणून आता सांगतो, असे तो म्हणाला आणि बिडी पेटवून दुसरीकडे पाहू लागला.

आमच्या बहिणीचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे बास नावाच्या माशाचे लोकांना वेड आहे. त्या बासाचे तंत्र आपल्या बाडसाच्या अगदी उलट आहे. तो धावणारा नव्हे, दबा धरणारा. बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत, पाणवनस्पतींच्या आडोशाला बसतो आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. म्हणून तिकडची काठी आखूड, सात फुटांच्या आसपास, आणि कडक; कारण त्याला धावू द्यायचे नसते, गुंत्यातून तात्काळ बाहेर खेचायचे असते. आमिष रबरी गांडुळाचे. होडी काचतंतूची, सपाट फळीची, मागे मोटारगाडीला लाजवील असे इंजिन. तळाचा नकाशा दाखविणारा पडदा, धरलेला मासा जिवंत ठेवण्याचे खेळत्या पाण्याचे टाके आणि नाळेवर विजेची छोटी मोटर. हल्लीच्या काही मोटरी तर उपग्रहाच्या आधाराने होडी वाहत्या पाण्यातही एका जागी धरून ठेवतात. नांगर नाही, दोर नाही, गाठ नाही. आम्ही हे ऐकले तेव्हा बराच वेळ गप्प होतो.

मात्र त्यांच्याकडची एक गोष्ट आम्हांला मनापासून पटली. तिथल्या बास-संघटनेच्या संस्थापकाने, रे स्कॉट याने, 1972 पासून स्पर्धेत धरलेला मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून महाशीराला कुणी हात लावीत नाही. तेच काम तिकडे खेळाच्या नियमाने केले. आज बाडसाची दशा वाईट आहे. पावसाळ्यात अंडी घालायला तो प्रवाहाविरुद्ध वर जातो, तिथे धरणाची भिंत उभी. ज्या वाळूगोट्यांत अंडी ठरायची, ती वाळू ट्रकांतून जाते. सुरुंगाने मासे मारणाऱ्यांबद्दल आम्ही काही लिहीत नाही. ते लिहिण्याची भाषा या मासिकात छापण्यासारखी नाही. बडवाहच्या वनविभागाने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग केले, लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात तर 1970 च्या दशकापासून महाशीराची पिले वाढवितात. पण पिलांनाही वाहती नदी लागतेच.

2023 च्या डिसेंबरात भाचा आला. आपली काठी घेऊनच आला. ‘‘मामा, एकदा तुमच्या नदीवर जाऊ या,’’ म्हणाला. परवानगीची चौकशी केली, वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटते ते विचारून घेतले. हे आता आधी विचारावे लागते. 2005 च्या एप्रिलात धाराजीच्या यात्रेत वरून सोडलेल्या पाण्याने किती माणसे नेली, ते निमाड विसरलेला नाही. गळांचे काटे चिमट्याने दाबून सपाट केले, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. होडी केवटाच्या नातवाची होती. भोपळ्याच्या जागी प्लॅस्टिकचा डबा होता.

तीन तासांत एक बाडस लागला. वीतभर. भाच्याने हात आधी पाण्यात भिजवून घेतले (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो, हे त्याला सांगावे लागले नाही), त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले आणि तो शेपूट हलवू लागताच बोटे सैल केली. छायाचित्र काढायचे राहून गेले. नंतर चहा पिताना आम्ही त्याला 1984 ची कथा सांगितली. दोरी जुनी होती, हे त्याने आपल्या आईकडून ऐकलेलेच होते. आम्ही म्हणालो, ‘‘दोरी नवी होती. त्याच सुटीत इंदूरहून आणलेली.’’ आणि मग उरलेले सांगितले. हे आम्ही प्रथमच कुणाला सांगत होतो.

तो काही बोलला नाही. होडी दुसऱ्या डोहाकडे नेली, केवटाच्या नातवाने धोंडा सोडला, तेव्हा भाचा उठून नाळेवर गेला आणि दोर त्याने स्वतः बांधला. आम्ही मागून वाकून पाहिले.

‘‘ओढून बघा मामा,’’ तो म्हणाला.

आम्ही टोक ओढले. गाठ सुटली. त्याने ती पुन्हा बांधली.