चिंगीची लस आणि शिकागोचा फोन

मला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नाही. चिंगी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मली, लेकीने उचलून घरी आणली आणि लसींचं पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. त्यातच शिकागोहून नणंदबाईंचा फोन. "वहिनी, फ्लूची लस दिली ना? आमचे बोर्डिंगवाले त्याशिवाय कुत्रा ठेवून घेत नाहीत."

पुस्तकात सेव्हन इन वनचं लेबल चिकटवलं होतं. (डॉक्टरांच्या अक्षरापेक्षा लेबलं बरी, निदान वाचता येतात.) डिस्टेंपर, पार्वो, हेपटायटिस, लेप्टो आणि पॅराइन्फ्लुएंझा. हीच का ती फ्लूची लस? डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. पॅराइन्फ्लुएंझा हा वेगळाच विषाणू, फ्लूशी त्याचा संबंध नाही. कुत्र्यांचा एक फ्लू घोड्यांकडून आला, २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये सापडला. दुसरा पक्ष्यांकडून आलेला, आधी कोरिया आणि चीनमध्ये, मग २०१५ मध्ये थेट शिकागोत. नणंदबाईंची धास्ती उगाच नव्हती. लसीचे काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. तरी आजार होणारच नाही असं नाही, झाला तर हलका जातो. बहुतेक कुत्री बरीही होतात.

"मग द्यायची का?"

"ही बोर्डिंगला राहते? डॉग शोला जाते? परदेशी चाललीय?"

चिंगीची धाव खांदेश्वर स्टेशनच्या रस्त्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, "ती लस माझ्याकडे नाहीच. असती तरी आधी विचारलं असतं, लेप्टोला वर्ष होऊन गेलं का?"

होऊन गेलं होतं. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, किडनी आणि लिव्हर धरतो, माणसालाही होतो. पावसात रस्त्याकडेला डबकं दिसलं की चिंगी जीभ लावतेच. त्याच दिवशी लेप्टोचा बूस्टर दिला. रेबीजची तारीखही पाहून घेतली, कारण त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की उपाय नाही.

नणंदबाईंना कळवलं, फ्लूची लस नाही दिली. त्या जरा रुसल्या.

तुमचा कुत्रा बोर्डिंगला किंवा परदेशी जाणार असेल, तर फ्लूचं डॉक्टरांना जरूर विचारा. बाकीच्यांनी जूनच्या आत पुस्तक काढून लेप्टोची तारीख बघावी.