धुमसत्या टेकड्यांचा प्रदेश

कॅनडाच्या मुख्य भूमीच्या उत्तर कडेस, केप बॅथर्स्ट या भूशिराच्या पूर्व किनाऱ्यावर, कोणीं पेटविल्यावांचून टेकड्या धुमसत असतात. वाचकांनीं नकाशा पुढें घ्यावा. आम्हींहि हा प्रवास ग्रंथ व नकाशा यांच्याच साह्यानें केला आहे. जिच्या पोटांतील बर्फ उन्हाळ्यांतहि वितळत नाहीं, अशा वृक्षहीन भूमीवरचा हा देखावा. १८२६ सालीं फ्रँकलिनच्या मोहिमेंतील जॉन रिचर्डसन या किनाऱ्यानें गेला. १८५० सालीं मॅक्लुअर या कप्तानास हा धूर शेकोट्यांचा वाटला व त्यानें चौकशीस माणसें धाडलीं. तेथें शेकोटी कोठली!

येथील पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकांत डांबरासारखें द्रव्य असून, लोह व गंधक यांचें एक खनिजहि आहे; आमच्या रसग्रंथांतील माक्षिकाचें तें भावंड. कडा कोसळून ताजा खडक उघडा पडला कीं त्या खनिजाचा प्राणवायूशीं संयोग होतो, उष्णता सांचत जाते आणि खडक आपोआप पेट घेतो. धुरांतील गंधकाम्ल जवळच्या तळ्यांत उतरतें. एरवीं तेथील पाणी क्षारधर्मी. पण धुराच्या माऱ्यांतील कांहीं डबकीं लिंबाच्या रसासारखीं आंबट झालीं आहेत. तें अम्ल मातींतील ॲल्युमिनियम, मँगॅनीज, जस्त, निकेल, कॅडमियम हे धातु पाण्यांत आणतें. अशा पाण्यांतहि एका जातीच्या चिलटांच्या अळ्या सुखेनैव नांदतात, याचें आम्हांस फार नवल वाटतें.

यांत कारखान्याचा हात मुळींच नाहीं. पूर्वेस पॉलाटुक नांवाचें लहानसें गांव आहे. त्या नांवाचा अर्थच ‘कोळशाची जागा’. तेथील लोक मासळीवर व शिकारीवर राहतात. तेव्हां गाळांतील धातु खडकाचा कीं दूरच्या चिमणीचा, हा अशा लोकांपुरता तरी पंडिती वाद नव्हे. खाणवाल्यांस ‘खडकच तसा’ म्हणणें सोयीचें, हेंहि विसरतां येत नाहीं.

निर्जन सरोवरांतील शिशाच्या बाबतींत चिमणीकडे बोट दाखविणें पुष्कळदां यथार्थ ठरतें. स्वीडनमधील सरोवरांच्या सुमारें २,००० वर्षांपूर्वींच्या थरांत रोमन काळच्या भट्ट्यांचें शिसें आढळलें आहे! तथापि गाळाचे कण बव्हंशीं त्या त्या खोऱ्यांतील खडकाचेच, आणि प्रत्येक खोऱ्याचा खडक निराळा. म्हणून शोधक नळीनें गाळाचा उभा दंड काढून खालचे जुने थर व वरचे नवे थर ताडून पाहतात.

येथेंहि एक मेख आहे. खालच्या प्राणवायुहीन गाळांत लोह व मँगॅनीज विरघळतात, वर सरकतात, प्राणवायु भेटतांच पुनः थिजतात आणि आर्सेनिकासारख्या द्रव्यांस तेथेंच धरून ठेवतात. त्यामुळें, धुराचा स्पर्शहि नसलेल्या सरोवरांत वरचा थर धातूंनीं अधिक भरलेला सांपडूं शकतो.