रातराणीने पोचलेला डेटा

अण्णांचं माझ्यावर जे ऋण आहे, ते मुख्यतः एका भागाकाराचं.

एका पतसंस्थेचे सर्व्हर आम्ही सांभाळायचो. मूळ डेटा पुण्यात, प्रत रत्नागिरीत, मध्ये २ एमबीपीएसची लीज्ड लाइन. दोन्हीकडचा डेटा सारखा ठेवायचं काम डीआरबीडीकडे. ऐन पावसाळ्यात रत्नागिरीची डिस्क गेली. रिसिंकचा वेग किती ठेवायचा यावर आम्ही पोरं हुज्जत घालत बसलो. अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली : १ टेराबाइट, २ एमबीपीएस, म्हणजे ४६ दिवस. तेही लाइन एकदाही पडली नाही तर!

"वेगाचं राहू द्या, रातराणीचं तिकीट काढा," ते म्हणाले.

इथून पुढचे बदल टिपत राहा, असं त्यांनी डीआरबीडीला बजावलं. मग पुण्याच्या चालू सर्व्हरमधल्या रेड-१ जोडीतली एक डिस्क ओढून काढली आणि तिथे नवी सरकवली. काढलेली डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी पंचात, पंचा स्टीलच्या डब्यात. डबा रात्रभर त्यांच्या मांडीवर. (डेटा एन्क्रिप्ट केलेला होता, नाहीतर मीच त्यांना बसमध्ये चढू दिलं नसतं.)

घाटात मी विचारलं, "आपण पोचेपर्यंत पुण्यात नोंदी होतच राहणार, त्यांचं काय?"

"दुधाच्या रतिबाला कॅलेंडरवर खुणा करतोस ना? तसंच. दर ४ केबीच्या तुकड्यामागे एक बिट. तुकडा बदलला की बिटवर खूण. अख्ख्या टेराबाइटचा नकाशा ३२ एमबीत मावतो. खुणा असतील तेवढेच तुकडे लाइनवरून जातील."

आणि तसंच झालं. सकाळी डिस्क जोडली, संध्याकाळी कॅश काउंटर बंद व्हायच्या आत दोन्ही प्रती जुळल्या.

ही युक्ती माझी नव्हे, हे अण्णा आवर्जून सांगत. डीआरबीडी मुळात व्हिएन्नाच्या फिलिप राइसनर यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून निघालं आणि २०१० साली लिनक्स २.६.३३ सोबत मूळ कर्नलमध्ये आलं. त्याच्या मार्गदर्शिकेत हा प्रकार 'ट्रक बेस्ड रेप्लिकेशन' या नावाने चक्क छापलेला आहे. आमच्यापैकी ती शेवटच्या पानापर्यंत वाचणारे एकटे अण्णाच.

तुमचीही प्रत दुसऱ्या गावात असेल, तर डिस्कचा आकार आणि लाइनचा वेग यांचा भागाकार आजच करून ठेवा. उत्तर आठवड्यांत आलं, तर एसटीचं वेळापत्रक सर्व्हर रूमच्या भिंतीवर लावा.