विश्वासू मिस्त्री

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या घरीं नळ नसावेत. नाहीं तर 'नळ पाहावा दुरुस्त करून' हें शेपूट त्यानें तिला खास जोडलें असतें. लग्न बहुधा एकदां होतें, घरही एकदांच बांधलें जातें. परंतु नळाचें दुखणें चार-दोन वर्षांनीं पुनः उपटतें, आणि अशा वेळीं वैद्य शोधावा तसा गृहस्थाला मिस्त्री शोधावा लागतो. असा एक प्रसंग गेल्या वर्षीं मजवर आला. त्यांत मला जो धडा मिळाला तो वीस वर्षें वर्गांत शिकवूनही मला पुरता आलेला नव्हता. म्हणून तो आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें शहर पाण्याच्या बाबतींत मोठें जुनें जाणतें आहे. निजामशाहीच्या काळीं कापूरवाडीकडून व इतर बाजूंनीं जमिनीखालून खापरी नळ घालून येथें पाणी खेळविलेलें होतें. आज मुळा धरणाचें पाणी येतें. अहमदनगराचें अहिल्यानगर २०२४ सालीं झालें, तरी आमच्या तोंडीं अजून 'नगर' हेंच नांव आहे. अशा ह्या नगरांत माझ्या आजोबांनीं बांधलेलें दगड-मातीचें घर आहे. त्याची एक भिंत व शेजारच्या मावशींच्या घराची भिंत एकच. मावशी वयानें सत्तरीच्या पुढें, एकट्या, आणि यजमानांच्या मागें मिळणाऱ्या लहानशा निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या.

आमच्या घरांतील नळ वडिलांनीं घातलेले, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. जस्त आहे तोंवर तें स्वतः झिजून लोखंडाला राखतें. तें संपलें म्हणजे आंतून गंज धरतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळाची पोकळी आंत पेन्सिलीएवढी होऊन बसते. तीन वर्षांपूर्वीं आमच्या न्हाणीघराची धार अशीच करंगळीएवढी झाली. मीं दोन मिस्त्री बोलाविले. पहिल्यानें सर्व पाहून ९,००० रुपये सांगितले, आणि 'भिंत बुजविण्यापूर्वीं दोन दिवस उघडी ठेवावी लागेल' असेंही बजावलें. दुसऱ्यानें उभ्याउभ्याच ६,००० सांगितले. मीं घासाघीस करून त्यास ४,५०० वर आणलें. त्यानें दुपारीं काम धरलें व दिवेलागणीच्या आंत भिंत बुजवून तो गेलाही. धार जोरांत येऊं लागली, आणि आपण मोठा व्यवहार साधला ह्या समाधानांत मी त्या रात्रीं झोंपलों.

पुढल्या दिवाळीच्या सुमारास मावशींच्या भिंतीला ओल दिसूं लागली. त्यांनीं मला बोलावून दाखविलें. मीं त्याच मिस्त्र्यास आणलें. त्यानें भिंतीवर हात फिरविला, मावशींच्या मोरीकडे पाहिलें आणि म्हटलें, "मोरीचें पाणी मुरतंय. फरशी उकरून नवी बसवा."

हें ऐकून मला बरें वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. माझा नळ निर्दोष ठरला होता. खरें काय आहे हें विचारण्याची मला इच्छा नव्हती. मला सोयीचें उत्तर हवें होतें आणि तें मिळालें होतें. मीं मावशींना तें शिक्षकाच्या अधिकारवाणीनें समजावून सांगितलें. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगतां म्हणजे तसंच असेल, मास्तर." नाताळच्या सुटींत त्यांनीं मोरी उकरून नवी करविली. त्यास ११,००० रुपये लागले.

गेल्या वर्षींच्या मे महिन्यांत ओल होती तशीच होती. उलट हातभर वर चढली होती. एके दिवशीं माझी पत्नी मावशींकडे लोणच्याची वाटी देऊन परत आली व म्हणाली, "अहो, बाहेर आग पेटल्यासारखं ऊन आहे, मोरी नवीकोरी आहे, मग भिंत ओली कशानं?" ह्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. इयत्ता नववीला मी पाण्याचा दाब शिकवितों. पाणी भिंतींतून वाट मिळेल तिकडे जातें, ज्या जागीं डाग दिसतो ती गळतीची जागा असेलच असें नाहीं, हें मला ठाऊक होतें. पण तें ज्ञान फळ्यावरून घरच्या भिंतीपर्यंत आलें नव्हतें.

आतां खरा मिस्त्री हवा होता. एका सहकाऱ्यांनीं सुचविलेला गृहस्थ तीन दिवस 'आलोंच' म्हणत राहिला व चौथ्या दिवशीं त्यानें फोन घेणें सोडलें. मोबाइलवर शोधून बोलाविलेला दुसरा तासाभरांत हजर झाला. पण त्यानें एकही प्रश्न न विचारतां सर्व भिंती फोडून सगळे नळ नवे घालण्याचा हिशेब मांडला. तेव्हां मी बाजारांत नळसामानाच्या एका जुन्या दुकानीं गेलों. 'चांगला मिस्त्री कोण' असें विचारलें तर दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाचेंच नांव सांगणार, हें उघड होतें. म्हणून मीं विचारलें, "तुमच्याकडून माल नेणाऱ्यांपैकीं उरलेला माल परत आणून देणारा कोणी आहे काय?"

दुकानदार हंसला. म्हणाला, "एकच आहे. मोजून नेतो, आणि एक कोपर उरला तरी मालकाच्या नांवानं जमा करतो. पण तो सावकाश काम करतो, आणि दर कमी करीत नाहीं."

हा मिस्त्री दुसऱ्या दिवशीं सांगितलेल्या वेळीं आला. त्याच्या पिशवींतून पाना बाहेर येण्यापूर्वीं त्यानें विचारपूस केली: घर कधींचें, नळ कधीं बदलले, ओल आधीं कोठें दिसली, पावसांत वाढते कीं सदाच असते. मग तो मावशींच्या घरीं जाऊन आला. नंतर त्यानें आमच्या छपरावरील टांकीची तपासणी सांगितली, ती विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. "सर, आज रात्रीं टांकींत पाणी चढणं बंद करा, घरांतली एकही तोटी उघडूं नका. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं खूण करा आणि पहाटे बघा."

पहाटे पातळी साडेतीन सेंटिमीटर उतरली होती. आमच्या टांकीचा व्यास सुमारें १०५ सेंटिमीटर. मुलांनो, तुम्हीच गणित करून पाहा: एका रात्रींत सुमारें ३० लिटर पाणी कोणीही न वापरतां नाहींसें झालें होतें! टांकींतून दोन फांटे निघत. एक स्वयंपाकघराकडे, दुसरा न्हाणीघराकडे. दुसऱ्या रात्रीं पहिला फांटा बंद ठेवला, तरी पातळी उतरलीच. तिसऱ्या रात्रीं न्हाणीघराचा फांटा बंद ठेवला, तेव्हां खूण जागच्या जागीं राहिली. एक वीटही न फोडतां गळतीचा पत्ता लागला. तो फांटा मावशींच्या व आमच्या सामाईक भिंतींतून जात होता.

भिंत फक्त हातभर फोडली. आंत जें दिसलें तें पाहून मी शरमलों. जुना लोखंडी नळ व नवा प्लॅस्टिकचा नळ ह्यांच्यामध्यें आट्यांचा जोड घालावयास हवा होता. तो न घालतां प्लॅस्टिकच्या नळाचें तोंड विस्तवावर मऊ करून लोखंडावर ठोकून बसविलें होतें, वर सुतळी गुंडाळून सिमेंट थापलें होतें. मीं ४,५०० रुपयांत विकत घेतलेली दुपार ती हीच. दोन दिवस भिंत उघडी ठेवली असती तर हा सांधा तेव्हांच ओला दिसला असता.

मिस्त्री म्हणाला, "सर, ओल मावशींच्या घरांत असली तरी पाणी तुमचं आहे."

मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मनांत जो विचार आला तो लपविण्यांत अर्थ नाहीं. ही गोष्ट आम्हां दोघांनाच ठाऊक होती. नळ गुपचूप दुरुस्त होईल, भिंत वाळेल, आणि मावशी म्हणतील कीं मोरी नवी केल्याचा गुण अखेर आला. मीं त्यास अर्धवटच विचारलें, "मावशींना हें सांगण्याची कांहीं गरज—" त्यानें हातांतलें काम न थांबवितां उत्तर दिलें, "मी आपण होऊन कांहीं बोलणार नाहीं, सर. तुमच्या घरचं काम आहे. पण त्यांनीं मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाहीं."

ज्याला मी विश्वासू म्हणून शोधीत आठवडाभर फिरलों तो माणूस असा होता. विश्वासू म्हणजे माझ्या सोयीचा, असा माझा समज होता. तो जसा माझा माल दुकानांत प्रामाणिकपणें जमा करी, तसाच माझा दोषही माझ्याच नांवावर जमा करीत होता. दोहोंसाठीं त्याचें माप एकच होतें.

त्या संध्याकाळीं मी मावशींकडे गेलों व सर्व सांगितलें. मोरीचे ११,००० रुपये व भिंतीच्या गिलाव्याचा खर्च मी देतों असें म्हणालों. त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या नुसत्या मोरीच्या दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं विचारलें, "म्हणजे माझी जुनी मोरी चांगली होती?"

"होय, मावशी."

"ती शहाबादी फरशी ह्यांनीं स्वतः बसविली होती," त्या म्हणाल्या. "कामगार घेऊन गेले ते तुकडे."

ह्यावर मला बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. पैसे मीं तीन हप्त्यांनीं दिले. त्यांनीं ते प्रत्येक वेळीं मोजून घेतले, आणि तसेंच असावें. परंतु त्या फरशीची भरपाई कोणत्याही हप्त्यांत बसली नाहीं.

मिस्त्र्यानें नळ पुनः भिंतींत घातला नाहीं. "भिंतीबाहेरून नेऊं," तो म्हणाला. "दिसायला वाईट, पण ठिबकला तर पहिल्याच दिवशीं दिसेल." पितळी आट्यांचा जोड घालून, हातपंपानें दाब देऊन, त्यानें तासभर काट्याकडे पाहिलें. काटा हलला नाहीं. मजुरी व माल ह्यांचा हिशेब त्यानें निरनिराळा लिहून दिला, काढलेला जुना सांधा माझ्या हातीं ठेवला, आणि दोन कोपर उरले होते ते परत करावयास घेऊन गेला. पावसाळा संपल्यावर एके दिवशीं न बोलाविता येऊन त्यानें मावशींची भिंत पाहिली. ती कोरडी होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही कधीं गृहस्थ व्हाल आणि तुमचेही नळ गळतील. तेव्हां आज चालू असलेल्या कामावरून मिस्त्र्याची पारख करूं नका. दोन पावसाळे उलटलेलें त्याचें काम जाऊन पाहा. जो हत्यारापूर्वीं प्रश्न काढतो, मजुरी व माल वेगळे लिहून देतो, आणि झांकण्यापूर्वीं दाखवितो, त्यास बोलवा. सर्व रक्कम आगाऊ देऊं नका. पण ठरलेली मजुरी काम होतांच त्याच्या हातावर ठेवा, त्यास फेऱ्या घालावयास लावूं नका. घासाघीस केली तर तो मजुरी कमी करील, आणि जेथें तुमची दृष्टि पोंचत नाहीं तेथें कामही तितकेंच कमी करील, हा धोका ओळखा. आणि तुमच्यांतील कोणास ह्या धंद्याची आवड असेल तर संकोच बाळगूं नका. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ह्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. भिंतीआड कोणी पाहत नसतां सांधा नीट बसविणारे हात आपल्या देशास पुष्कळ हवे आहेत.

आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवरून तो नळ आतां उघडाच गेलेला आहे. पाहुणे विचारतात, "मास्तर, हा आंत कां नाहीं घेतला?" त्यांना मी कारण सांगतों, पण तें सांगतांना नजर शेजारच्या घराकडे वळल्यावांचून राहत नाहीं.