हातीपायी सुटका

दवाखान्याने दिलेली यादी एका पानाची आहे. आधारकार्ड, विम्याची कागदपत्रे, आजवरच्या तपासण्यांची फाइल, समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, पॅड, चपला, टॉवेल. बाळासाठी लंगोट, टोपडी, दुपटी. तळाशी ठळक अक्षरांत : दागिने घरी ठेवावेत, नखांना रंग लावू नये. (बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, नखावरच्या रंगामुळे तो आकडा चुकू शकतो. यादीतली कारणासकट समजलेली ही एकमेव सूचना.) चौतिसाव्या आठवड्यात बॅग भरून ठेवा, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आता छत्तिसावा चालू आहे आणि बॅग अजून कपाटावरच आहे.

दागिन्यांचे म्हणाल तर प्रश्न फक्त बांगड्यांचा आहे. सासूबाईंनी ओटी भरताना हिरव्या बांगड्या भरल्या. तेव्हा त्या कशाबशा चढल्या, आता हातांना सूज आहे, त्या निघत नाहीत. "तिथे ऐनवेळी फोडाव्या लागल्या तर?" मी आईला विचारले. "फोडायच्या कशाला? वाढवायच्या," ती म्हणाली, आणि हा प्रश्न तिच्यापुरता मिटला. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. फुटण्याला वाढणे म्हणणारी आपली भाषा बाळंतपणापाशी आली की फारच जपून पावले टाकते. दिवस जातात, दिवस भरतात, बाई अडते, मोकळी होते. आणि सगळ्यांत मोठा आशीर्वाद कोणता, तर 'हातीपायी सुटका होऊ दे'. कुणी तुरुंगातून सुटावे तशी ही सुटका आहे, आणि तिच्यात बाळाचा साधा उल्लेखही नाही! लहानपणी मला याची गंमत वाटे. आता वाटते, ज्या बायकांनी हे शब्द घडवले त्यांनी पुष्कळ काही पाहिलेले होते. बाई हाताशी राहिली तर पुढचे पुढे, इतका रोकडा हिशेब त्यात आहे.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवस जगले, ही हकीकत आपण शाळेत 'पहिली महिला डॉक्टर' या धड्याच्या ओघात वाचून पुढे जातो. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विषय त्यांनी का निवडला असेल, हा तर्क मी पूर्वी कधी केला नव्हता. अलीकडे करते.

कारण माझ्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहिले आहे : जी-२, ए-१. म्हणजे दुसरे गरोदरपण, आणि आधीचे एक पूर्ण न झालेले. 'ए'चा अर्थ अबॉर्शन. आपणहून केलेले आणि हातातून निसटलेले, दोन्हींना वैद्यकात ते एकच अक्षर पुरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, एका पावसाळी रात्री आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. सोबत बॅग नव्हती, ती भरायला अजून तीन-चार महिने होते. नवरा पहाटे घरी जाऊन जे हाताला लागले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून घेऊन आला : एक सलवार-कमीज, मोबाइलचा चार्जर, दात घासायचा ब्रश आणि, का कोण जाणे, माझे अर्धे वाचून झालेले पुस्तक. तिसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन आम्ही परत आलो. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात अशा वेळीही सहा आठवड्यांची पगारी रजा होती, हे कार्यालयात मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. या खेपेला रजेचे नियम वाचताना ते कलम दिसले. त्या दिवशी मात्र पुढचे वाचणे झाले नाही.

तेव्हा, बॅग का भरली जात नाही, याचे उत्तर मला ठाऊक होते. माझे सामान मी पाच मिनिटांत भरले असते. प्रश्न दुसऱ्या कप्प्याचा होता.

आई गेल्या आठवड्यात साताऱ्याहून आली. बरोबर खारीक, डिंक, अळीव, बाळंतशेपा. शेगडीच्या धुरीवरून आमचे थोडे वाजले. बाळाच्या छातीला धूर नको, हे तिने नाइलाजाने मान्य केले. मध चाटवायचा नाही, हे त्याहून नाइलाजाने. पण बाळ यायच्या आधी पाळणा, झबली काही विकत आणायचे नाही, यावर ती ठाम राहिली आणि मी मनातून सुटकेचा श्वास टाकला. मग तिने पिशवीतून दुपटी काढली. आजीच्या लुगड्यांची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. जुने कापड 'आणलेल्या'त धरत नाहीत, ही तिची पळवाट.

पाच होती. कापराचा वास येत होता. नुकतीच शिवलेली असतील तर त्यांना ट्रंकेतला वास कसा, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. पाचव्या दुपट्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके मध्यापर्यंत आले होते, तिथून पुढे पिवळसर दोरा होता आणि टाके जरा मोठे, वाकडे. तिचा चष्म्याचा नंबर वाढला आहे.

"दोरा बदललास?"

"तेव्हाचा संपला होता," ती म्हणाली आणि अळीव निवडायला घेतले.

मी खुर्चीवर चढू नये म्हणून नवऱ्याने बॅग खाली काढून दिली. फाइल, गाऊन, चपला, टॉवेल. बाळाचे कपडे चटकन हाताला लागतील असे वर ठेवा, असे यादीत आहे, म्हणून दुपटी वर ठेवली. पाचवे सगळ्यांत वर. चेन अडकत होती. ती आईने येऊन लावली.