गाडी टायर खाते तेव्हा

‘गाडी टायर खातेय, अलाइनमेंट करून घ्या.’ तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत टायरच्या कुठल्याही दुकानात हा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. अलाइनमेंट बिघडली की टायर एका बाजूने झिजतो, हे खरं. मात्र टायर एका बाजूने झिजला म्हणजे अलाइनमेंटच बिघडली होती, असं त्यावरून सिद्ध होत नाही. हवा, सस्पेन्शनमधली ढिलाई, गाडीतला भार आणि घाटातली वळणं या सगळ्यांना टायर खाता येतो. मशीनवरचा आकडा उभ्या, रिकाम्या गाडीचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत घेतलेला असतो. टायरवरची झीज म्हणजे धावत्या गाडीची हजारो किलोमीटरची रोजकीर्द. या दोघांचं जुळत नसेल तर विश्वास टायरवर ठेवावा आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करावी, असं माझं ठाम मत आहे.

मावळात हा क्रम जास्त महत्त्वाचा, कारण इथली गाडी एकाच दिवसात तीन जातींच्या रस्त्यांवर धावते. एक द्रुतगती मार्ग, सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सिमेंट काँक्रीटचा, २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला. तिथे वेग सलग असतो आणि टायर तापतो. दुसरा घाट. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास, आणि मधला सगळा चढ वळणावळणांचा. तिसरे कामशेतहून पवनानगरला, मळवलीहून भाजे-लोहगडाकडे, लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनेच्या धरणाकडे जाणारे रस्ते. पावसाळ्यात तिथलं डांबर उखडतं, साइडपट्टी खचते आणि समोरून एसटी आली की डावी चाकं खाली उतरवून पुन्हा डांबरावर चढवावी लागतात. पहिला रस्ता हवेची चूक पकडतो, दुसरा वळणातल्या भूमितीची, आणि तिसरा टाय रॉड, लोअर आर्म, बुश यांची परीक्षा घेतो. झीज कुठल्या रस्त्याने केली हे न पाहता तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

आधी अलाइनमेंटची बाजू नीट मांडली पाहिजे. चाकाच्या तीन कोनांपैकी कॅस्टरचा संबंध स्टिअरिंग सरळ परत येण्याशी जास्त, झिजेशी कमी. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर दिसणारा चाकाचा कल. तो प्रमाणाबाहेर आत गेला तर आतली कड झिजते, पण सावकाश. खरा खादाड टो. पुढची दोन चाकं वरून पाहिल्यावर एकमेकांना समांतर नसतील, तर प्रत्येक चाक आपल्या दिशेने जाऊ पाहतं, गाडी मात्र त्याला सरळ ओढून नेते. एकूण टो फक्त ३ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येतो. १५ इंची रिमवर हा कोन पाव अंशाहूनही कमी. एवढ्याशा कोनामुळे टायर दर किलोमीटरला जवळपास ४ मीटर आडवा घासला जातो. पुण्याहून मुंबईला जाऊन परत येण्याचा ३०० किलोमीटरचा प्रवास धरला, तर सव्वा किलोमीटरच्या आसपास निव्वळ आडवं घासणं झालं. पाच हजार किलोमीटर आधी सारखा असलेला टायर आतून तारा दिसेपर्यंत का झिजतो, याचं उत्तर या हिशोबात आहे. म्हणून अलाइनमेंट हे थोतांड आहे असं कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही.

ही चूक हाताला कळते. गाडी थंड असताना, बंद असताना पुढच्या टायरच्या पट्ट्यावरून तळहात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने प्रत्येक पट्टीची कड करवतीसारखी टोचली, तर टो चुकला आहे. आतून बाहेर येताना टोचलं तर चाकं पुढच्या बाजूला जास्त आत वळली आहेत, बाहेरून आत जाताना टोचलं तर जास्त बाहेर. ही करवत बहुधा टायरच्या सगळ्या रुंदीवर असते. ती फक्त बाहेरच्या खांद्यावर असेल आणि मधल्या पट्ट्या स्वच्छ असतील, तर तो घाटाचा ठसा असण्याची शक्यता मोठी. वेगात वळण घेताना गाडी बाहेर कलते, बाहेरच्या चाकावर वजन येतं आणि त्याचा खांदा रस्त्यावर रगडला जातो. रोज घाट चढउतार करणाऱ्या टॅक्सीच्या पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे गोलसर दिसले, तर निर्दोष अलाइनमेंट असूनही ते तसे दिसू शकतात. तिथे इलाज वळणाआधी वेग कमी करण्यात आणि हवा बरोबर ठेवण्यात आहे. गोलसर खांदे बघून टो बदलला, तर आता आतली कड जायला लागते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आताची मशीनं थ्रीडी आहेत, कॅमेऱ्याने मोजतात, स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं तर शंका कशाला? मशीन अचूक असतं, यात वाद नाही. पण ते मोजतं काय? गाडी सपाटीवर उभी, ब्रेक दाबलेला, आत कोणी नाही, चाकांवर कुठलाही आडवा जोर नाही. लोअर आर्मचा बुश फाटलेला असला तरी त्या क्षणी तो जागेवरच बसलेला असतो. तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरायला लागली की दर वळणाआधी ब्रेक लागतो, चाक मागे ढकललं जातं, फाटलेला बुश दबतो आणि टो बदलतो. ब्रेक सोडला की परत जागेवर. हा खेळ मशीनला दिसत नाही, टायरला सोसावा लागतो. म्हणून गाडी मशीनवर घेण्याआधी पुढचं चाक उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवलं पाहिजे, मग वर-खाली धरून. पहिल्या हालचालीत खुट्ट लागलं तर टाय रॉडचं टोक किंवा रॅक, दुसऱ्यात लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बुश मात्र खालून बॅटरी मारून, सळईने हलवून पाहावा लागतो. ढिला भाग तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. शिवाय रिम वाकलेली असेल आणि मोजण्याआधी गाडी पुढे-मागे ढकलून तो वाकडेपणा वजा केला नसेल, तर हिरवा आकडाही खोटा.

मशीनच्या सरळ मोजमापातून निसटणारी आणखी एक गोष्ट घाटात फार मोठी होते. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते जास्त वळलं पाहिजे. ही युक्ती मोटारीच्या आधीची, घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गरने ती काढली आणि आकरमानने १८१८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला १८३० मध्ये. हिशोब करून पाहू. लहान हॅचबॅक गाडी १० मीटर त्रिज्येच्या वळणात असेल, तर आतल्या चाकाला सुमारे पावणेपंधरा अंश आणि बाहेरच्याला तेरा अंशांच्या आसपास वळावं लागतं. फरक जवळपास दोन अंशांचा. गाडी बनवणारे यात थोडी तडजोड करतात, हे खरं. पण ज्या टोच्या चुकीने टायर खाल्ला जातो ती पाव अंशाची असते, हे लक्षात ठेवलं की दोन अंशांचं महत्त्व कळतं. खड्ड्यात चाक आपटून एका बाजूचा स्टिअरिंग आर्म किंचित वाकला, तर टाय रॉड फिरवून सरळ चालीचा टो बरोबर बसवता येतो, स्क्रीन हिरवी होते, आणि वळणात मात्र हे नातं मोडलेलंच राहतं. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते जाणवणार नाही. दर आठवड्याला घाट चढणारीला जाणवेल. चाकाखालच्या फिरत्या चकत्यांवर अंश आखलेले असतात. स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून दोन्ही बाजूंचा फरक सारखा आहे का, हे तिथेच पाहता येतं. मात्र ते क्वचितच पाहिलं जातं.

हवेकडे वळतो, कारण माझ्या मते या भागातल्या झिजेचा मोठा वाटा तिचाच आहे. दोन्ही खांदे झिजले आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी. मध्य गेला आणि खांदे शाबूत असतील तर हवा जास्त. इथे एक समज घट्ट बसला आहे: एक्स्प्रेसवेवर टायर तापून फुटतो, म्हणून निघताना हवा कमी ठेवावी. होतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्यातून उष्णता तयार होते आणि सलग वेगात ती निघून जायला वाव मिळत नाही. दुसरी चूक वाटेतल्या पंपावर होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. पनवेलहून येणाऱ्या गाडीत ३३ चे ३७ दिसले, की ‘जास्त झाली’ म्हणून ४ काढून टाकतात. दुसऱ्या सकाळी लोणावळ्याच्या गारव्यात तोच टायर २९ वर आलेला असतो, आणि तशाच टायरांवर पाच माणसं आणि सामान घेऊन घाट उतरला जातो. घाट चढल्यामुळे हवा वाढते का, असंही विचारतात. उंचीमुळे जेमतेम एक पीएसआय वाढतो आणि वरच्या गारव्याने त्यातला अर्धा परत जातो, त्यासाठी काही करू नये. नायट्रोजनने प्रश्न सुटत नाही, कारण साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीत बहुतेक गाड्यांचे दोन आकडे असतात, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. शनिवारी सहकुटुंब निघताना दुसरा आकडा लागतो, आणि तो थंड टायरचा असतो.

‘काँक्रीटनेच टायर झिजतात, आमची गाडी काय करणार?’ हाही आक्षेप नेहमीचा. खरखरीत पृष्ठभागावर झीज वाढते हे मान्य. पण काँक्रीट आतली कड निवडून झिजवत नाही. रस्त्याने झिजवलेला टायर अख्ख्या रुंदीवर गोटा होतो. एकच कड गेली असेल तर कारण गाडीत शोधायचं. मागच्या चाकांबद्दल म्हणतात, ‘तिथे सेटिंगच नाही, मोजून काय उपयोग?’ बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या आडव्या बीमवर कोन फिरवायची सोय नसते, हे बरोबर. तरीही मोजावं लागतं, कारण बीम वाकला असेल तर मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात, स्टिअरिंग वाकडं राहतं, आणि मग पुढचा टो कितीही बसवला तरी तक्रार जात नाही. तिथे बीम बदलणं हाच खर्चिक पण खरा इलाज.

आतल्या कडेबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर पुढच्या टायरची आतली कड पाहता येते. मागच्या टायरची गाडी उचलल्याशिवाय जवळपास दिसतच नाही. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात ही अगदी तळाची मर्यादा आहे. बाहेरून ५ मिलिमीटर खाच दिसणारा टायर आतून कोरा असेल, तर त्याचा तेवढा भाग पाणी बाजूला सारत नाही, आणि भुशी धरणाच्या उतारावर जोराच्या सरीत ब्रेक मारताना तो भाग रस्ता सोडतो.

म्हणून तळेगाव, कामशेत, लोणावळ्यातल्या दुकानदारांकडे माझी एक मागणी आहे. अलाइनमेंटच्या बिलावर प्रत्येक टायरची बाहेर, मध्ये आणि आत अशी तीन ठिकाणची खाचेची खोली लिहून द्यावी. मोजायचा गेज स्वस्त असतो आणि गाडी लिफ्टवर आधीच चढलेली असते. ‘ग्राहकाला वेळ नसतो’ हे उत्तर मला पटत नाही. चार टायर मोजायला चार-पाच मिनिटं लागतात आणि आतून अकाली गेलेल्या एका टायरची किंमत काही हजार रुपये असते. हे करायला दिवाळीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले, कारण पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी जे बुश आणि जॉइंट फाडायचे ते फाडून झालेले असतात. आधी हवा, मग ढिलाई, मग मोजणी, मग अलाइनमेंट. टायर पुढचे मागे करायचे असतील तर ते मोजणीनंतरच करावेत, नाहीतर कुठल्या चाकाने कुठला टायर खाल्ला हेच सांगता येत नाही.