बाई, दाढ दुखतेय!

मुलांनो, बाईंचंही कधी कधी चुकतं बरं का!

आमच्या चौथीत एक पठ्ठ्या आहे. गणिताचा तास आला की गालावर हात ठेवून म्हणायचा, "बाई, दाढ दुखतेय." मी दोनदा तोंड उघडून पाहिलं. ना खड्डा, ना डाग. तिसऱ्यांदा मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "गृहपाठ नसला की बरी दुखते रे तुझी दाढ!" वर्ग खो खो हसला. तो मान खाली घालून बसला.

दोन दिवसांनी पाहिलं, तर मधल्या सुट्टीत त्याने चिक्कीसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकली. माझ्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी त्याच्या आईबरोबर मीही दाताच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी आरशाने तपासलं. त्यांनाही काही दिसेना! मग त्याला एक चिमुकली पट्टी दाढांमध्ये चावून धरायला लावली आणि एक्स-रे काढला. (१८९६ साली जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचा असा फोटो काढला, तेव्हा २५ मिनिटं लागली होती. आमचा पठ्ठ्या तेवढा वेळ गप्प बसता ना!)

पडद्यावर प्रत्येक दाढेच्या मधोमध काळसर जागा दिसली. "अगं बाई, एवढी कीड!" मी म्हणाले.

डॉक्टर हसल्या. "ती कीड नव्हे. तिथं दाताची नस असते. मऊ भागातून किरण आरपार जातात, म्हणून काळं दिसतं. वरचं कवच म्हणजे एनॅमल. ते शरीरातलं सगळ्यात कठीण. तिथं किरण अडतात, म्हणून पांढरं. आता इथं बघा."

दोन दाढा जिथं एकमेकींना खेटल्या होत्या, तिथं पांढऱ्या कडेवर काळा चट्टा होता. पार नसेजवळ पोचलेला. फटीत अडकलेल्या गोडावर जंतू आम्ल तयार करतात, त्यात कवचातली खनिजं विरघळतात. आरसा त्या फटीत शिरणार कसा?

"फोटोत दिसते त्याहून कीड थोडी जास्तच असते," डॉक्टर म्हणाल्या. मला वर्गातलं ते हसू आठवलं.

त्या दुधाच्या दाढेखाली हाडात नवा दात तयार होत होता. तो पाहून स्वारी खूश!

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गासमोरच त्याला म्हणाले, "माझं चुकलं रे."

तो उभा राहिला. "बाई, आज दाढ नाही दुखत. पण गृहपाठ राहिलाय."